बातमीखालचं नाव

पुणतांब्याला पोचेपर्यंत मैत्रेयीचे एकोणीस फोन करून झाले होते. जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने यंदाच्या जाहिरातीत छापलं होतं, की गेल्या वर्षीच्या दीडशेपैकी एकशे बेचाळीस मुलांना नोकऱ्या लागल्या. सोबत नावांची यादी. मैत्रेयी श्रीरामपूरच्या एका दैनिकात वार्ताहर होती आणि ही यादी तपासायचं काम तिने मागून घेतलं होतं. एकोणिसांपैकी चौघंच नोकरीत निघाले. विसावं नाव पूजाचं. नावापुढे लिहिलं होतं : सॉफ्टवेअर कंपनी, पुणे.

पूजा घरामागे बसून कॅरेटमध्ये पेरू भरत होती.

"मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही कुणी," ती मान वर न करता म्हणाली. "निकालाआधी कॉलेजने एका कागदावर सह्या घेतल्या. कसल्या, ते विचारलं नाही आम्ही." भरलेलं कॅरेट बाजूला सरकवून ती म्हणाली, "शेजारी विचारतात तेव्हा आई सांगते, पूजा घरूनच काम करते कंपनीचं."

मैत्रेयीने ते लिहून घेतलं. मग शेवटचं वाक्य खोडलं.

तेवढ्यात पूजाचे वडील, राधाकृष्ण, घरातून गुणपत्रिकांची प्लास्टिकची फाईल घेऊन आले.

"आमी काय उगं घातलं न्हाई तिला तिथं. पेपरात वाचून घातलं. तुमच्याच पेपरात."

फाईलमधून त्यांनी एक कात्रण काढलं. 'प्रवेश इथे, नोकरी नक्की'. पाच वर्षांपूर्वीची प्रवेश पुरवणी. मैत्रेयीला ते वाचावं लागलं नाही. तेव्हा ती पेपरात नवीन होती. कॉलेजकडून टाईप केलेला मजकूर आला होता, पान संध्याकाळपर्यंत छपाईला सोडायचं होतं. तिने चार शब्द इकडचे तिकडे केले होते आणि बातमीखाली पहिल्यांदा आपलं नाव आलं म्हणून घरी पेढे नेले होते.

राधाकृष्णांनी त्या नावावर बोट ठेवलं. "ह्या बाई अजून हायत का तुमच्याकडं?"

आल्यावर तिने फक्त पेपरचं नाव सांगितलं होतं. 'गेल्या सोडून' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"मीच ती," मैत्रेयी म्हणाली.

पूजाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"मंग तवा जाऊन बघितलं आसंल ना तुमी?" राधाकृष्णांनी विचारलं.

"नाही. त्यांनी पाठवलं, तेच छापलं."

राधाकृष्ण रागावले नाहीत. कात्रणाची घडी घालून त्यांनी ते परत फाईलमध्ये ठेवलं आणि दाराकडे पाहून हाक मारली, "ज्ञानेश्वरी, भायेर ये गं."

बारावी झालेली धाकटी मुलगी ओले हात ओढणीला पुसत बाहेर आली.

"हिचा फारम शनिवारी भरायचाय, दुसऱ्या कालेजचा," राधाकृष्ण म्हणाले. "ह्या टायमाला जाऊन बघा आन मंग सांगा. आमच्याकडं तुमचाच पेपर येतो."