कपाळावरचा दिवा

हात धुण्याआधी डॉक्टर हेमांगीने सवयीने ऑपरेशन थिएटरच्या उंबऱ्याला बोटं लावली आणि तिच्या सक्तीच्या कपाळपट्टीवरचा निळा दिवा पेटला. मनात देव आला की तो पेटायचाच. भाविक डॉक्टर म्हणजे कच्च्या डोक्याचा, असं लोक धरून चालत. त्याला नाकारायचा हक्क कायद्यानेच रोग्याला दिला होता.

हात धुऊन ती टेबलाशी आली तरी दिवा पेटलेलाच होता. टेबलावरचे बोराडेसर हाडाचे नास्तिक. त्यांनी दिव्याकडे रोखून पाहिलं.

“देवाकडे कुणासाठी मागताय?”

“तुमच्यासाठीच, सर.”

“बरं झालं. मला काही ते जमलं नसतं, आणि जीव तर मघापासून टांगणीला लागलाय.” सरांनी डोळे मिटले. “करा सुरू.”

हेमांगीने सुटकेचा निःश्वास टाकला. सरांना भूल चढल्यावर तिने सुरी हातात घेतली, तसा दिवा विझला. आता तिच्या मनात फक्त सरांचं हृदय होतं.