मिस्त्रींचं नख

बाळासोची जुनी डिझेल अँबॅसिडर नृसिंहवाडीच्या एका फेरीत लिटरभर ऑइल प्यायची आणि मागं निळा धूर सोडायची. "इंजिन संपलंय, इकून टाक की!" सगळी गल्ली म्हणाली. पण त्याचं घर त्या टॅक्सीवर चालायचं. शेवटी तो आकाराम मिस्त्रींकडं आला. गेल्या वर्षी हे इंजिन त्यांनीच खोलून पुन्हा बांधलं होतं. आता त्यांची नजर पार गेली होती. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून पोरांना डिझेलची एकेक नळी सैल करायला लावली आणि धूर हुंगला; तिसरीला वास बदलला. "तिसरा पिस्टन काढा रं." पिस्टन हाती येताच त्यांनी त्याच्यावरच्या रिंगेच्या काठावरून नख फिरवलं. "उलटी बसवलीया. ऑइल खाली खरवडायचं सोडून वर चढवतीया." "असंल दुसऱ्या कुणाचं तरी काम," बाळासो गडबडीनं म्हणाला. मिस्त्रींनी पिस्टन कपाळाला लावला. "माझंच हाय. तवाच दिसत न्हवतं मला, बोललो न्हाय कुणाला."