सुनेच्या वाटणीच्या प्रदक्षिणा

जरा पुढे सरकून बसा मंडळी, एका नवसाची गोष्ट सांगतो.

आमच्या इमारतीतल्या द्वारकाबाईंना डॉक्टरांनी बजावलं, "साखर उतरली नाही तर पाय गमवाल. रोज चाला." जिम परवडणारी नव्हती, बाग लांब. रस्त्यावर चालायची त्यांना लाज. "काम नसताना बाईमाणसानं हिंडायचं? लोक काय म्हणतील?"

सून मंजिरी एवढंच म्हणाली, "आई, मी दत्ताला प्रदक्षिणांचा नवस बोललेय. नोकरीतून वेळ होत नाही. माझ्या वतीनं तुम्ही घालाल?"

लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. द्वारकाबाई मनात समजल्या आणि काही न विचारता रोज सकाळ-संध्याकाळ जवळच्या दत्ताच्या देवळाला फेऱ्या घालू लागल्या.

वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, "साखर ताब्यात आली, आजी. पाय वाचला."

घरी येताच त्यांनी सुनेला विचारलं, "माझं राहू दे. तुझा नवस कधी फळणार गं?"

"फळला की, आई. तुमच्या पायासाठीच बोलले होते."

द्वारकाबाई उठल्या. मग चपला पायात सरकवत म्हणाल्या, "आता नवस माझा. तुझ्यासाठी."

अजून फेऱ्या चालूच आहेत. मंडळी, तुम्ही प्रदक्षिणा घालाल तेव्हा मंजिरीची आठवण ठेवा.