चौथा खांदा

दारापाशी चिखलानं भरलेले जोडे ओळीनं मांडलेले दिसले आणि एलादिओचा जीव भांड्यात पडला.

सकाळपासून दोन धर्मशाळांनी त्याला परत पाठवलं होतं. खाटा भरलेल्या. पुढे कास्त्रोवेल लागेल, तिथे कारंज्याजवळ दार सताड उघडं असेल, असं एका गुराख्यानं सांगितलं होतं. कारंजं होतं. दार उघडं होतं. पायी यात्रेचं शेवटचं ठिकाण, सांतियागो, अजून चार दिवसांच्या वाटेवर होतं आणि त्याच्या दोन्ही टाचांचे फोड फुटले होते. त्यानं पाठीवरची पिशवी उतरवली, बूट काढून ओळीत ठेवले आणि आत गेला.

आत आठ-दहा म्हातारी माणसं भिंतीलगत खुर्च्यांवर बसली होती. कुणी बोलत नव्हतं. दमली असतील, त्याला वाटलं. पण एकाजवळही पिशवी नव्हती, आणि बायका सगळ्या काळ्या कपड्यांत.

एक ठेंगणी म्हातारी उठून त्याच्यासमोर आली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आलास एकदाचा!" ती मोठ्यांदा म्हणाली.

"हो," एलादिओ म्हणाला. "खाट मिळेल ना एखादी?"

"मिळेल की. वरच्या खोलीत आहे. आधी चार घास खा."

खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. दोसिन्दा नावाच्या शेजारणीनं बटाटे आणि पालेभाजीच्या सूपचा वाडगा त्याच्या हातात दिला आणि त्याचा गालच धरला.

"केवढा वाळलास रे! तिकडे स्वित्झर्लंडात खायला घालत नाहीत वाटतं?"

"मी आल्बासेतेचा आहे, बाई."

"आता तिथे असतोस होय? कळवायचं तरी!"

एलादिओला काही उमगेना. पण वाटेवरच्या प्रत्येक धर्मशाळेची तऱ्हा वेगळी असते. परवा एकीकडे जेवणाआधी सगळ्यांना गाणं म्हणायला लावलं होतं. तो सूप प्यायला लागला. मग समोर बसलेला आमादोर नावाचा म्हातारा काठी टेकत उठला आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

"उंची जमतेय," आमादोर म्हणाला. "तू पुढून डावीकडे ये. मी उजवीकडे असेन."

"कशाच्या डावीकडे?"

आमादोरनं काठीनं आतलं दार ढकललं. दोन मेणबत्त्या जळत होत्या. मध्ये शवपेटी.

एलादिओ वाडगा हातात तसाच धरून उठला. "काहीतरी घोटाळा झालाय. मी..."

ठेंगण्या म्हातारीनं त्याचं मनगट पकडलं, स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं.

"तुमची धर्मशाळा वरच्या कास्त्रोवेलात आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "हे खालचं. तासाभराची चढण आहे अजून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"उलपिआनोला तो सात वर्षांचा असल्यापासून मी वाढवलं. पुतण्या आहे यांचा, आत पेटीत आहेत त्या माझ्या नवऱ्याचा. मला कळणार नाही होय?" ती ओट्यावरचा कोरडाच पेला पुसत राहिली. "काल स्वित्झर्लंडातून फोन आला त्याचा. सुट्टी मिळत नाही म्हणे. मी सगळ्या गावाला सांगून बसले होते, निघालाय म्हणून."

एलादिओनं ओट्याला टेकून टाचांवरचा भार कमी केला.

"पाचला पाद्रीबाबा येतील. त्यांच्याकडे पाच गावं, ते खोळंबत नाहीत. पेटी उचलायला आमादोर, घंटा वाजवणारा आणि पाववाला. तिघेच." मग तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. मोज्यांवर रक्त होतं. "जायचं तर मागचं दार उघडं आहे. मी सांगेन काहीतरी."

बाहेर घंटा वाजली. एलादिओनं वाडगा ओट्यावर ठेवला. मागच्या दाराकडे पाहिलं. मग पुढच्या दारानं बाहेर गेला आणि बुटांत पाय घातले.

चर्च गावाच्या टोकाला, चढावर होतं. पेटी जड होती आणि आमादोर दर वीस पावलांवर थांबत होता. दारादारांतून बायका हाक मारत होत्या. "देव तुझं भलं करो, उलपिआनो!" कुणीतरी विहीर दाखवून म्हणालं, इथे पडला होतास, आठवतं का? एलादिओ हो म्हणाला. हो म्हटल्यावर त्याला ती विहीर खरंच ओळखीची वाटायला लागली. पेटीतल्या माणसाचा चेहराही त्यानं पाहिला नव्हता. तरी पेटी कबरीत उतरवताना त्याला रडू फुटलं आणि आवरेना. कुणासाठी रडतोय, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

माती पडल्यावर आमादोर त्याच्याजवळ आला. काठीवर रेलून त्यानं श्वास घेतला.

"चांगला धरलास," तो म्हणाला. "कोण असशील तो."

घरी परतल्यावर म्हातारीनं त्याला वरच्या खोलीत नेलं. खिडकीतून अजून ऊन येत होतं. चादर इस्त्रीची होती. तिनं परातीत मीठ घातलेलं कोमट पाणी आणलं आणि त्याचे पाय त्यात ठेवले. तो कण्हला तशी म्हणाली, "झोंबू दे. बरं असतं."

पाय पुसून झाल्यावर तिनं विचारलं, "नाव काय तुमचं?"

"एलादिओ."

"एलादिओ," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली.

तो आडवा झाला. डोळे आपोआप मिटले. खाली अंगणात दोसिन्दा खुर्च्या आवरत होती, एकावर एक आपटत होती. म्हातारी उठली आणि खिडकीतून वाकली.

"दोसिन्दा, हळू गं!" ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली. "माझा पोरगा झोपलाय."