रूथबाईंना ऐकू येत नाही

उपदेश वगळून उबाळे पाळकांनी थेट आशीर्वादासाठी हात वर केले. समोरचं पुलपीट, उपदेशाचं डुगडुगणारं लाकडी मेज, कुरकुरलं. चर्चमध्ये उपासनेला आलेल्या एकट्या रूथबाई मात्र बाकावरून हलल्या नाहीत.

“साहेब, उपदेश राहिला.”

पाळकांचा उत्साह केव्हाच आटला होता. खिशात राजीनामा तयार होता, उपदेश नव्हता. ठार बहिऱ्या बाईसाठी तो लिहिणार कोण? त्यांनी कानाकडे बोट दाखवून हात हलवला: तुम्हाला ऐकू कुठे येतं?

“मला नाही येत,” बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “तुम्हाला येतं ना? मग करा की!”

बाई काही उठेनात. कागद तर एकच होता. पाळकांनी राजीनामाच वाचायला घेतला. ‘कोणी येत नाही. माझ्यानेही आता होत नाही...’ रिकाम्या चर्चमध्ये स्वतःचं रडगाणं घुमताना ऐकून तिसऱ्याच ओळीला त्यांचं डोकं फिरलं.

“हा काय उपदेश झाला?” ते स्वतःवरच गरजले.

“आमेन,” रूथबाई समाधानाने म्हणाल्या.

पाळकांनी राजीनाम्याची चौपदरी घडी पुलपिटाच्या आखूड पायाखाली सारली आणि बायबल उघडलं. पुढचा पाऊण तास पुलपीट जागचं हललं नाही, आणि रूथबाईही.