शरणम्माचा डावा हात

"मागं सर तू. त्या हातानं स्वामींच्या पायाला शिवू नगंस," नागुबाई म्हणाली आणि तिनं सुनेच्या हातातला तांब्या ओढून घेतला.

श्रावणातला सोमवार, पण उदगीरच्या आभाळात ढगाचं नाव नव्हतं. टँकरची वाट बघून गल्ली बेजार झाली होती. तरी लिंगायतांचे गुरू, जंगम घरी आले की पाद्यपूजेला तांब्याभर पाणी निघतंच. मलय्या स्वामी पाटावर बसले होते, पाय परातीत. परातीपाशी बसलेल्या शरणम्मानं डावा हात मिटून पदराखाली घेतला.

त्या तळहातावर पाण्याचे बारीक फोड उठले होते. काही फुटून कातडी लाल झाली होती. आणि ह्याच तळहातावर लिंग ठेवून रोजची पूजा करायची असते! लहानपणी दीक्षा झाल्यापासून तिनं पूजा चुकवली नव्हती. गेल्या आठवड्यापासून सासूनं तीही बंद केली होती.

"बघा की स्वामी," नागुबाई म्हणाली, "हिच्या हातात दोष उतरलाय. लिंग कुठं ठेवावं हिनं? म्हून म्हणते, देगलूरची पोरगी आम्ही बघून ठेवलीय, ती मन्मथला करून घेऊ. ही बी राहील की घरात. हिला कोण हाकलायलंय? तुमी फक्त हो म्हणा."

वा रे वा! सुनेला मूल होत नाही हे स्वामींपुढं बोलायची लाज वाटली, म्हणून हाताचं निमित्त. एक बायको असताना दुसरी करणं कायद्यात बसत नाही, हे मोंढ्यात धान्याची आडत चालवणाऱ्या घराला ठाऊक नसतं की काय? चांगलं ठाऊक असतं. म्हणून तर स्वामींच्या तोंडून हो पाहिजे होतं. मग बिरादरीत कुणाची बोलायची हिंमत होणार?

शरणम्माचा नवरा मन्मथ दाराला टेकून उभा होता. एवढा उंचपुरा गडी, पण नजर जमिनीवर.

"दोष-बिष न्हाई स्वामी," तो पुटपुटला. "पाण्यानं झालंय तिला. टँकरचं पाणी लई खराब हाय."

"पाण्यानं?" शरणम्मा उभी राहिली. "त्याच पाण्यानं आत्याबाई अंग धुतात. तुम्ही बी धुता. दाखवा बरं तुमचा हात!"

"स्वामींपुढं तोंड वर करून बोलतीस?" नागुबाई ओरडली.

"बोलते. आजवर बोलले न्हाई म्हून तर हातावर आलं." ती स्वामींकडं वळली. "स्वामी, माझं माहेर बिलोलीचं. तिथं बी टँकरच येतो. तिथं गेले की हात निवतो. इथं आले, देगलूरचं नाव कानावर पडलं, की पुन्हा फुटतो. लातूर जिल्हा झाला, तिथं चामडीचा डॉक्टर आला, म्हून ह्यांनी मला नेलं. डॉक्टरनं मला विचारलं, 'बाई, मनाला काही लागून राहिलंय का?' मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, 'न्हाई न्हाई, पाण्यानं झालंय.' मलम दिलं त्यांनी. मलम काय करंल? माझ्या देखत माझ्या जागंवर दुसरी आणायच्या गोष्टी चालल्यात!"

शरणम्मानं गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि लिंग काढून सोललेल्या तळहातावर ठेवलं. झोंबलं असणार, डोळ्यांत पाणी आलं. हात मात्र तिनं हलू दिला नाही.

"आता एकच सांगा स्वामी. आपल्यात विटाळ मानतात का?"

मलय्या स्वामी अवघडले. ह्या घरचं जेवण त्यांनी वर्षानुवर्षं खाल्लं होतं, आणि मघापासून ते 'हो' म्हणायच्या बेतातच होते. पण प्रश्न असा आला होता की खोटं बोलायला जागा नव्हती.

"न्हाई," ते म्हणाले. "ज्याच्या अंगावर लिंग, त्याला कसला विटाळ?"

"मग माझ्या हातचं पाणी कामून चालंना?"

स्वामींनी नागुबाईकडं पाहिलं. "तांब्या दे तिला."

शरणम्मानं लिंग पुन्हा डबीत ठेवलं आणि खाली बसून दोन्ही हातांनी त्यांचे पाय धुतले. सावकाश, कुठलीही घाई न करता. मग त्याच पाण्याचं तीर्थ नागुबाईला ओंजळीत घ्यावं लागलं. घोट काही लवकर उतरेना. बरी जिरली!

तीर्थ झाल्यावर स्वामी मन्मथकडं वळले. "आईचं ऱ्हाऊ दे. दुसरी करायची तुझी इच्छा हाय का? हिच्या तोंडाकडं बघ आणि तुझ्या तोंडानं सांग."

मन्मथनं आईकडं पाहिलं. मग रस्त्याकडं पाहिलं. बायकोकडं तेवढं बघवेना. त्याचा हात मानेवर गेला. तो खाजवायला लागला. मग दुसरा हातही गेला. बघता बघता सदऱ्याच्या कॉलरपासून कानापर्यंत लालभडक गांधी उठल्या.

"अगं बाई, काय झालं रे तुला?" नागुबाई घाबरून धावली.

बेलाला पाणी घालायला शरणम्मानं परात उचलली. दारात नवरा खाजवत उभाच होता. त्याच्या शेजारून जाताना ती क्षणभर थांबली.

"घाबरू नका आत्याबाई," ती म्हणाली. "पाण्यानं झालं असंल."