तीन बोळे

डॉक्टरांनी कापसाचे तिन्ही बोळे चिमट्यानं ट्रेमध्ये ठेवले आणि लगेच वर झाकण ओढलं.

"एकही निळा नाही," डॉक्टर मंगला सोनटक्के म्हणाल्या. "लघवीची पिशवी शाबूत आहे, शशिकलाताई. उगाच घाबरलात."

साडी सारखी करता करता शशिकलानं त्या झाकणाकडे पाहिलं. याच डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढून आज अठरा दिवस झाले होते. आठ दिवसांपासून तिला खालून पाझर लागला होता, उठता-बसता, झोपेतसुद्धा. लघवीलाही ती नेहमीसारखी जात होती, आणि डॉक्टर त्याच्यावरच बोट ठेवत होत्या. लघवी साफ होतेय ना, मग हा नुसता स्राव, अशक्तपणाचा. पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरमधल्या शेजारणीही म्हणाल्या, कमजोरी है. पण वास कमजोरीचा नव्हता. शेवटी तिनं हट्टच धरला, तेव्हा आज डॉक्टरांनी पिशवीत निळं औषध भरलं, योनीत एकामागे एक तीन बोळे ठेवले आणि तिला अर्धा तास व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या. पिशवीला भोक असेल, तर बोळे निळे होणार होते.

तिचा नवरा नरहर पडद्याबाहेर बसला होता. 'शाबूत' ऐकून तो सुटल्यासारखा उठून आत आला. कारखान्यात फोरमन, दिवसभर हिंदीत बोलणारा माणूस. डॉक्टर नागपूरच्या, आपल्या भाषेत बोलणाऱ्या, यातच त्याचा अर्धा विश्वास बसलेला. रिक्षा बघतो, म्हणाला.

"बोळे बघू द्या मला," शशिकला म्हणाली.

त्यात बघण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी हसून सांगितलं. तिनं स्वतःच झाकण सरकवलं. तिन्ही बोळे पांढरे होते, पण ओले. सगळ्यात आतला तर इतका भिजला होता की त्याच्याखाली पाणी साचलं होतं. तिनं वाकून वास घेतला.

"निळे नाहीत, पण ओले आहेत. ही लघवीच आहे. पिशवीतून नाही, तर मग कुठून येतेय?"

डॉक्टर हातमोजे काढू लागल्या. नरहरनं तिच्या दंडाला हलकेच हात लावला. डॉक्टरांना असं विचारायचं नसतं, एवढं त्या हातात होतं. ती जागची हलली नाही. भिंतीवर पोटातल्या अवयवांचं चित्र होतं, त्याकडे बघत तिनं विचारलं, किडनीतून पिशवीकडे येणारी ही नळी गर्भाशयाच्या किती जवळून जाते?

हे तुम्हाला कळायचं नाही, असं डॉक्टर आधी म्हणाल्या. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं, की गर्भाशयापासून बोटभर अंतरावरून, त्याच्या रक्तवाहिनीच्या अगदी खालून जाते. रक्तवाहिनी बांधताना त्या नळीला जपावं लागतं.

शशिकलाचं ऑपरेशन ठरल्यापेक्षा तासभर लांबलं होतं. मध्येच नरहरला रक्ताच्या बाटलीसाठी पळवलं होतं.

"आणि रक्त जास्त वाहायला लागलं तर? घाईत बांधावं लागलं तर?"

"तरीही जपतोच आम्ही."

"मग चिठ्ठी द्या," शशिकला म्हणाली. "साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळासाठी. बोळे ओले निघाले, निळे नव्हते. एवढंच लिहा."

नरहर काहीतरी बोलणार होता. त्याची नजर ट्रेवर गेली आणि त्यानं तिच्या दंडावरचा हात काढला.

डॉक्टरांनी पॅड पुढं ओढलं. नाव लिहिलं, वय लिहिलं, ऑपरेशनची तारीख लिहिली. मग पेन थांबलं.

"डाव्या कुशीत, किडनीपाशी, कधीपासून दुखतंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

कुशीत दुखतं, तेही डाव्या, हे शशिकलानं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. नरहरलाही नाही.